मसुदा करून आण

मी निवृत्त झालो तेव्हा महाविद्यालयाने मला मानपत्र दिलं. मखमली नळीत गुंडाळलेलं ते मानपत्र एका सहकाऱ्याने खड्या आवाजात वाचून दाखवलं. सरांनी नाशिकच्या विद्यार्थ्यांसाठी आंतरराष्ट्रीय शिक्षणाचं दालन उघडलं आणि तीन विद्यार्थ्यांना इंटर्नशिपसाठी परदेशी पाठवलं, असं त्यात होतं. टाळ्या वाजल्या. त्या मजकुराचा मसुदा मीच केला होता. त्यात चौथ्या विद्यार्थिनीचा उल्लेख नव्हता. खरं तर सगळ्यांत आधी तीच जायला हवी होती.

तिच्याबद्दल माझं याआधी एकदाच छापून आलं आहे. आमच्या परदेशी विद्यार्थी कक्षाची स्मरणिका निघाली होती, तिच्यातल्या माझ्या लेखात एक वाक्य आहे: ‘इंग्रजीच्या अडचणीमुळे एका गुणी विद्यार्थिनीची संधी हुकली.’ ते वाक्य खोटं आहे. त्याची दुरुस्ती करण्यासाठी हे लिहितो आहे.

आमचं महाविद्यालय साधंच होतं. नव्वदीच्या मध्यावर परदेशातल्या एका विद्यापीठाशी आमचा करार झाला आणि मी शिक्षणशास्त्राचा विभागप्रमुख असल्यामुळे कक्ष माझ्याकडे आला. आंतरराष्ट्रीय शिक्षण या विषयात तिकडे एम.ए. करता येतं, हे मला तेव्हाच कळलं. एका देशातल्या विद्यार्थ्याला दुसऱ्या देशात कसं शिकवावं, कुठे ठेवावं, तो तिथे आजारी पडला, एकटा पडला तर काय करावं, हे सगळं त्या विषयात येतं. त्यांचे विद्यार्थी वर्षातून दोनदा, ऑगस्टमध्ये आणि जानेवारीत, दहा-बाराच्या गटाने नाशिकला येत. शहरातल्या कुटुंबांत राहत, जिल्ह्यातल्या शाळा बघत आणि परत जात. शिवाय एखादी विद्यार्थिनी इंटर्न म्हणून सहा महिने आमच्या कक्षातच काम करी. आमच्या एम.ए.च्या मुलांपैकीही एकाला दुसऱ्या वर्षी कक्षात इंटर्नशिप करता येई.

कक्ष म्हणजे जिन्याखालची खोली. पूर्वी तिथे जुन्या उत्तरपत्रिका ठेवत. रंग दिला तरी पावसाळ्यात पोपडे निघत. एक मोठं टेबल, एक कपाट, एक फोन आणि प्लास्टिकच्या झाकणाखाली ठेवलेला संगणक. दिवसातून दोनदा ई-मेल उतरवायचा आणि छापून घ्यायचा, अशी पद्धत होती.

ही मुलगी मखमलाबादकडच्या मळ्यातली. वडील मेथी, कोथिंबीर, गुलछडी करायचे आणि पहाटे एम-एटी मोपेडवर गठ्ठे बांधून पंचवटीच्या बाजारात आणायचे. ती शिक्षणशास्त्र घेऊन एम.ए. करत होती. वर्गात मागे बसणारी, पण प्रश्न विचारला की थेट उत्तर देणारी. कक्षात तिला घेतलं ते मी नाही, नियमाने घेतलं. त्या वर्षी अर्ज करणारी ती एकटीच होती.

तिच्या आधी आमचा कारभार असा चालायचा की, पाहुणे आले की मी ओळखीच्या घरांना फोन करायचो आणि जो ‘हो’ म्हणेल त्याच्याकडे माणूस पाठवायचो. मग दोन दिवसांनी तक्रारी सुरू. तिने पहिल्या महिन्यात सायकलवरून सगळी घरं पालथी घातली आणि दोनशे पानी वहीत एकेका घराला एक पान दिलं. कुणाकडे गरम पाणी सकाळी सहापर्यंतच मिळतं, कुणाच्या घरी कांदा-लसूण चालत नाही, कुठल्या घरात कुत्रा आहे, कुठली सासू पाहुण्याला चौथी पोळी वाढल्याशिवाय उठू देत नाही. समोरच्या पानावर पाहुण्यांची माहिती. मग ती जोड्या लावायची. तिला हे मी सांगितलं नव्हतं. माझ्या डोक्यातही आलं नसतं. दोन महिन्यांत तक्रारी थांबल्या आणि मी प्राचार्यांना सांगितलं की, आता आपण पद्धत बसवली आहे.

माझी पत्नी एकदा म्हणाली होती, “ती पोरगी एक दिवस आली नाही तर तुम्हाला तुमच्याच खोलीत टाचणी सापडायची नाही.” मी हसलो होतो.

त्याच वर्षी जूनमध्ये एक परदेशी इंटर्न आली होती. तिला आम्ही पाहुणीच म्हणायचो. उंच, सुती सलवार-कुडता घालणारी, डब्यातली मिरची मोडून खायला शिकलेली. तिच्या एम.ए.साठी तिने आमच्यासारख्या कक्षात काम करणं सक्तीचं होतं. दोघी एकाच टेबलाच्या दोन बाजूंना बसत. आमची ही मळ्यातली मुलगी तिच्याशी इंग्रजीत बोलायची. क्रियापदाचा काळ मध्येच चुकायचा, पण थांबायची नाही. एकदा पाहुणी ताप अंगावर काढत होती, तेव्हा हिने डॉक्टरांचं मराठी तिला आणि तिचं इंग्रजी डॉक्टरांना असं अर्धा तास सांगितलं. मी तिथे होतो. एकदाही अडली नाही.

आता इगतपुरीचा दिवस सांगायला हवा, कारण पुढचं सगळं त्याच्याशी जोडलेलं आहे.

ऑगस्टच्या गटाला इगतपुरीच्या पलीकडची एक आश्रमशाळा दाखवायचं मी ठरवलं होतं. मुख्याध्यापक माझ्या ओळखीचे. मुलांनी नाच बसवला होता, लेझीम होती, दारात रांगोळी घालणार होते. मला ताप होता म्हणून मी गेलो नाही. मिनीबसमध्ये गटाबरोबर ती आणि पाहुणी गेल्या. अकराच्या सुमारास तिने इगतपुरीहून एसटीडीवरून फोन केला. पाऊस फार आहे आणि पुढच्या ओढ्यावरच्या फरशी पुलावरून पाणी चाललंय, असं ती म्हणाली. मी तिला सांगितलं की तिथे दरवर्षीच पाणी असतं, ड्रायव्हर त्याच भागातला आहे, आणि मुलं सकाळपासून नटून उभी असतील. ती म्हणाली, ड्रायव्हरशी ती बोलली, तो जायला तयार आहे, पण ती तयार नाही.

“मी सांगतोय ना, जा म्हणून,” मी म्हणालो.

“सर, तुम्ही तिथे आहात. मी इथे आहे,” ती म्हणाली. आवाज चढवला नव्हता. “मुख्याध्यापकांना मी निरोप देते. आम्ही इथलीच एखादी शाळा बघतो.”

तिने बस वळवली. गावातल्याच एका प्राथमिक शाळेत ती सगळ्यांना घेऊन गेली. तिथे दोन खोल्या गळत होत्या, त्यामुळे चारही इयत्तांची मुलं एकाच कोरड्या खोलीत बसलेली. बहुतेक रेल्वेत काम करणाऱ्यांची. एक बाई चार भिंतींना चार वर्ग शिकवत होत्या. पाहुणे संध्याकाळपर्यंत तिथून उठले नाहीत. नंतर त्यांच्या अहवालांत नाशिकमधला सगळ्यांत चांगला दिवस म्हणून त्याच दिवसाबद्दल लिहून आलं.

त्या दिवशी फरशीवरून कुणीही वाहून गेलं नाही. दुपारी तिथून एसटी गेली, हे मी मुद्दाम चौकशी करून काढलं आणि दुसऱ्या दिवशी तिला ऐकवलं. ती म्हणाली, “बरं झालं सर, गेली ते.” एवढंच. मुख्याध्यापकांनी मला फोनवर चार शब्द सुनावले होते, ते मला लागले होते. त्याहून जास्त ‘तुम्ही तिथे आहात’ हे लागलं होतं. मी दोन-तीन दिवस तिच्याशी कामापुरतंच बोललो.

सप्टेंबरमध्ये त्या विद्यापीठाकडून पत्र आलं. करारात आजवर एकाच बाजूने ये-जा होती. आता आमच्या बाजूचा एक पदव्युत्तर विद्यार्थी त्यांच्या आंतरराष्ट्रीय शिक्षणाच्या कार्यालयात जानेवारीपासून सहा महिने इंटर्न म्हणून घेणार होते. प्रवास, राहणं, सगळं त्यांच्याकडे. जागा एक. आमच्यासारख्या आणखी एका गावातल्या महाविद्यालयाकडूनही नाव जाणार होतं. अर्जाबरोबर ज्याच्या हाताखाली विद्यार्थ्याने काम केलं त्याचं पत्र हवं होतं.

नाव एकच होतं. मी तिला सांगितलं तेव्हा ती उभी होती ती खुर्चीवर बसली. माझ्यासमोर न विचारता बसण्याची ती पहिली वेळ.

दोन दिवसांनी तिचे वडील आले. टोपी, पांढरा सदरा, हातात मेथीच्या चार जुड्या. बसा म्हटलं तरी उभेच राहिले.

“सर, सहाच महिने हाय ना?” त्यांनी विचारलं.

सहाच, मी म्हणालो.

“मग जाऊ द्या तिला. तिची आई रडती, पन ती लग्नाला बी रडनार हाय.” मग म्हणाले, “पोरगी खरंच इंग्रजी बोलती का, सर? घरी लय विचारलं, बोलून दाखवत नाय. लाजती.”

मी म्हणालो, फाडफाड बोलते. मी हे शब्द वापरले होते, हे मला पक्कं आठवतं.

तिने पासपोर्ट काढला. पोलीस पडताळणीला हवालदार मळ्यात गेला तेव्हा सगळी वस्ती जमा झाली होती, हे ती आणि पाहुणी हसत हसत सांगत होत्या.

आता त्या पत्राविषयी. आमच्याकडे शिफारसपत्र ज्याला हवं असतं तोच ते लिहून आणतो आणि सर सही करतात. हे कुणी कुठे लिहून ठेवलेलं नाही, पण सगळीकडे असंच चालतं. माझ्या गाईडनी मला असंच सांगितलं होतं. नोकरीच्या वेळी माझ्याविषयीचं पत्र मीच लिहिलं आणि त्यात स्वतःला ‘अभ्यासू व नेतृत्वगुण असलेला’ म्हटलं. गाईडनी न वाचता सही केली. त्यामुळे तिने पत्राचं विचारलं तेव्हा मी तिला म्हणालो, “मसुदा करून आण. मी सही करतो.”

इथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. त्याच सुमाराला पाहुणीच्या विद्यापीठाने तिच्या कामाविषयी माझ्याकडे एक छापील प्रश्नावली पाठवली होती. बारा प्रश्न. ती स्वतःहून कोणतं काम हाती घेते, चूक झाली तर काय करते, वगैरे. मी दोन संध्याकाळी बसून ती भरली. प्रसंग आठवून आठवून लिहिले. जागा पुरली नाही म्हणून एक कागद जोडला. म्हणजे असं पत्र कसं लिहायचं हे मला येत होतं. परक्या मुलीसाठी मी ते लिहिलं. आपल्या मुलीला मसुदा करून आण म्हणालो.

ती दुसऱ्या दिवशी टंकलिखित कागद घेऊन आली. सात ओळी. ‘सदर विद्यार्थिनी आज्ञाधारक, नियमित व कष्टाळू आहे. दिलेले काम वेळेत पूर्ण करते. तिची वर्तणूक चांगली आहे. आमच्याकडे तिने समाधानकारक काम केले आहे.’ हे सगळं इंग्रजीत. व्याकरणाची एकही चूक नव्हती. वहीचा उल्लेख नव्हता, पाहुण्यांच्या घरांचा नव्हता, इगतपुरीचा तर नव्हताच. मळ्यात वाढलेल्या, माळकरी बापाच्या मुलीने स्वतःविषयी कागदावर आणखी काय लिहावं? मी वाचलं की नाही हे लोक विचारतील. वाचलं. बरं आहे म्हणालो. सही केली, शिक्का मारला.

नोव्हेंबरात तिकडून ई-मेल आला. तो छापील कागद अजून माझ्याकडे आहे. कडेला भोकांच्या पट्ट्या असलेला, शाई फिकी पडलेला. तिथल्या कार्यालयाच्या प्रमुख बाईंनी नम्रपणे लिहिलं होतं की, अर्जदाराचा निबंध त्यांना फार आवडला, पण तुमच्या पत्रावरून ती सांगितलेलं काम करते एवढंच कळतं. त्यांना दोन गोष्टी जाणून घ्यायच्या होत्या. ती स्वतःहून काम उभं करते का? आणि तुमच्याशी मतभेद झाला तेव्हा ती कशी वागली, असा एखादा प्रसंग आठवतो का? पंधरा दिवसांत कळवावं.

मी पाहुणीला सहज विचारल्यासारखं विचारलं की, तुमच्याकडे शिफारसपत्रात आज्ञाधारक असं लिहिलं तर त्याचा काय अर्थ घेतात. ती हसली. असं पत्र आलं तर, ती म्हणाली, आम्ही समजतो की या माणसाविषयी लिहिण्यासारखं काही नव्हतं, म्हणून बिचाऱ्या प्राध्यापकांनी हे लिहिलं. तिला ते पत्र माहीत नव्हतं. आमच्या मुलीने तिला दाखवलं नव्हतं, कारण ते सरांचं पत्र होतं.

म्हणजे त्या दुपारपासून मला सगळं माहीत होतं. पत्रामुळे काय झालं आहे, ते कसं दुरुस्त होईल आणि त्याला किती दिवस आहेत. उत्तर लिहायला अर्धा तास लागला असता.

मी कागद टेबलाच्या खणात, स्टेपलरच्या खाली ठेवला. पहिल्या आठवड्यात मी स्वतःला सांगितलं की, नीट विचार करून लिहू. दुसऱ्या आठवड्यात मी जानेवारीच्या गटाची यादी बघत होतो. तेरा जण येणार होते. ती नसेल तर घरं कोण लावणार, शाळांशी कोण बोलणार, कुणी आजारी पडलं तर पहाटे कोण धावणार, हे माझ्या डोळ्यांसमोर येऊ लागलं. वही होती, पण वही वाचून काम करणारं माणूस नव्हतं. आणि दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर लिहायचं तर मला इगतपुरीचं लिहावं लागलं असतं, म्हणजे मी घरात पांघरूण घेऊन हुकूम सोडत होतो आणि तिने तो मोडला, हे मला माझ्या सहीने लिहावं लागलं असतं.

पंधरा दिवस ती रोज माझ्यासमोर बसून काम करत होती. सोळाव्या दिवशी मला हलकं वाटलं. ते मला आजही आठवतं.

डिसेंबरात उत्तर आलं. दोन ओळी. दुसऱ्या महाविद्यालयाच्या विद्यार्थ्याची निवड झाली आहे, सहकार्याबद्दल आभार. कारण दिलं नव्हतं. मी तिला बोलावलं. तिने चेहऱ्यावरून ओळखलं असावं, कारण ती दारातच थांबली.

“नाही झालं,” मी म्हणालो. आणि तिने काहीही विचारलेलं नसताना पुढे म्हणालो, “इंग्रजी जरा कमी पडलं म्हणे.”

ती आत आली. मग तिने विचारलं, “कशात सर? बोलण्यात की लिहिण्यात?”

“दोन्हीत थोडं थोडं.”

“हो सर,” ती म्हणाली.

तिथून ती टेबलाकडे गेली आणि जानेवारीच्या पाहुण्यांना पाठवायच्या सूचनांचा तिने स्वतः लिहिलेला इंग्रजी कागद काढून पाहुणीपुढे ठेवला. हे जरा तपासून दे, म्हणाली. तोपर्यंत तिने कधी कुणाकडून काही तपासून घेतलं नव्हतं. पाहुणीने मला नंतर विचारलं की तिची निवड का झाली नाही. मी तेच सांगितलं. तिने भुवया उंचावल्या. इंग्रजी? ती म्हणाली. मी म्हणालो, त्यांचं त्यांना माहीत, आणि पोलीस आयुक्तालयात पाहुण्यांची नोंद करायच्या फॉर्मांचा विषय काढला. आठवड्याभरात पाहुणी तिच्या देशात परत गेली.

जानेवारीचा गट आला. सगळं व्यवस्थित झालं. फक्त स्वागताचं बोलायला ती उभी राहिली नाही. पहिल्या वर्षाच्या एका मुलीला तिने पुढे केलं. पाहुण्यांनी काही विचारलं तर आधी मराठीत मला विचारायची, मग त्यांना सांगायची. मी ते बघत होतो.

पुढच्या वर्षी तशीच जागा पुन्हा आली, आणि या वेळी नुकत्याच एम.ए. झालेल्यांनाही अर्ज करता येणार होता. मी तिला अर्ज कर म्हणालो. मनात होतं की, या वेळी पत्र आपण नीट लिहू आणि हिशोब मिटवू. ती म्हणाली, “नको सर, पुन्हा तुम्हाला त्रास.” तिची जागा दुसऱ्या मुलाने घेतली. त्याचं पत्र मी स्वतः लिहिलं, तीन पानी. त्याच्या पुढच्यांचंही. मानपत्रातले तीन विद्यार्थी ते हेच.

तिला पंचवटीतल्या एका शाळेत नोकरी लागली. लग्न झालं, नवरा मनमाडला रेल्वेत, येऊन-जाऊन करणारा. मला ती दिवाळीला फोन करायची. काही वर्षांनी त्या शाळेच्या तपासणीसाठी एक पथक गेलं, त्यात मी होतो. मुख्याध्यापिकांनी तिचं भरभरून कौतुक केलं. मुलं कशी बोलती केली, पालकांना कसं शाळेत आणलं. मग म्हणाल्या, “फक्त इंग्रजीचा वर्ग देऊ केला की हात जोडते. म्हणते, माझं कच्चं आहे, मुलांचं नुकसान नको. आम्ही पण मग सोडून दिलं.” बाई हे सहज सांगत होत्या. मी चहाचा कप खाली ठेवला. तपासणी अहवालात मी तिच्याविषयी एक चांगलं वाक्य घातलं आणि घरी आलो.

त्यानंतर स्मरणिका निघाली आणि मी ते वाक्य लिहिलं. कुणी मागितलं नव्हतं. कदाचित छापून आलं की खरं होईल असं वाटलं असेल.

निवृत्त होताना टेबलाचा खण मी तसाच एका पिशवीत रिकामा करून घरी आणला होता. पिशवी माळ्यावर होती. या वर्षी कक्षाची नवी स्मरणिका निघायची म्हणून माझ्याकडे लेख मागितला, तेव्हा जुने कागद शोधताना तो ई-मेल हाती आला. पत्नीने विचारलं, काय आहे. मी तिला वाचायला दिला. तिने वाचला, चष्मा काढला आणि म्हणाली, “हे तिला दाखवलंत का कधी?” नाही म्हटल्यावर ती उठून स्वयंपाकघरात गेली. रात्री जेवताना एवढंच म्हणाली की, शनिवारी तिची शाळा सकाळची असते.

शनिवारी मी रिक्षाने पंचवटीला गेलो. शाळा सुटली होती. शिक्षकांच्या खोलीत ती एकटी वह्या तपासत होती. मला बघून उठली, पंखा लावला, पाणी दिलं. मी कागद तिच्यापुढे ठेवला. तिने तो दोनदा वाचला. दुसऱ्यांदा वाचताना बोट ओळीखालून फिरवत होती.

“पंधरा दिवस होते?” तिने विचारलं.

“हो.”

“आणि मी तेव्हा रोज समोर बसत होते.”

“हो.”

“इंग्रजीचं त्यांनी कधी कळवलं मग?”

“त्यांनी नाही कळवलं. ते मी म्हणालो.”

तिने कागद घडीवर घडी करून ठेवला. खिडकीबाहेर बघितलं. आवारात दोन मुली पिशव्या डोक्यावर धरून चालल्या होत्या.

“मी रोज सकाळी इंग्रजी पेपर मोठ्याने वाचते, सर,” ती म्हणाली. “दहा वर्षं झाली. बोलणं सुधारावं म्हणून. माझी मुलगी हसते. म्हणते, आई, तू बातम्या द्यायला जाणारेस का?” मग म्हणाली, “तो पासपोर्ट आहे अजून. कोरा. पुढच्या महिन्यात संपतोय.”

मी क्षमा मागायला सुरुवात केली. तिने हाताने थांबवलं.

“ते राहू द्या. तुम्ही स्मरणिकेत लिहिलं होतं ना? मी वाचलंय. माझ्या वडिलांना पण वाचून दाखवलं होतं. त्यांना वाईट वाटलं, कारण तुम्ही त्यांना फाडफाड म्हणाला होता. तिथेच दुरुस्ती छापा.”

“नावानिशी?”

“माझं नाव नको. कुणाचंच नको. पण इंग्रजी कमी पडलं नव्हतं, हे सरळ लिहा. आणि मसुदा मला दाखवा.”

मी मसुदा करून नेला. तिने तो लाल पेनाने तपासला, शाळेच्या वह्या तपासतात तसा. पहिल्या मसुद्यात मी लिहिलं होतं की, जानेवारीत मूल्यांकन समिती येणार होती, त्या गडबडीत उत्तर द्यायचं राहून गेलं. तिने तो परिच्छेद खोडून बाजूला लिहिलं: ‘समिती मार्चअखेर आली. तिची फाईल मी लावली होती.’ मी घरी येऊन जुनी डायरी बघितली. मार्चअखेरच होती. मी इतकी वर्षं स्वतःला ते कारण सांगत आलो होतो की मला ते खरंच वाटू लागलं होतं.

मी तिला एके ठिकाणी बिचारी म्हटलं होतं, तोही शब्द तिने काढला. तिथे एक वाक्य घालायला सांगितलं, ते तिच्या शब्दांत देतो: ‘त्या पत्रात मी स्वतःविषयी कमी लिहिलं, ही माझी चूक. तेवढीच माझी.’ बाकी मजकुरावर तिने काही म्हटलं नाही. निघताना मी विचारलं की, इंग्रजीचा वर्ग आता घेणार का. ती म्हणाली, “बघू. जूनमध्ये वेळापत्रक लागतं.”

त्या कार्यालयातल्या प्रमुख बाई आता तिथे नाहीत, त्यांचा पत्ताही माझ्याकडे नाही. तरी त्यांच्या दोन प्रश्नांची उत्तरं इथे लिहून ठेवतो.

ती स्वतःहून काम उभं करते का? हो. आमच्या कक्षाची पाहुण्यांच्या घरांची पद्धत तिने कुणी न सांगता उभी केली. ती आजही तशीच चालते. ती पद्धत बसवल्याचं श्रेय मी घेतलं होतं.

मतभेद झाल्यावर ती कशी वागली? ऑगस्टमध्ये इगतपुरीला एकदा मतभेद झाला. मी तिला गट घेऊन पाण्यातून पुढे जायला सांगितलं. तिने ड्रायव्हरला विचारलं, मला फोन केला, माझं सगळं ऐकून घेतलं आणि मग तिला जे योग्य वाटलं ते केलं. शाळेला निरोप दिला. त्या दिवशी अकरा माणसं तिच्या जबाबदारीवर होती आणि ती सगळी संध्याकाळी सुखरूप परत आली. दुसऱ्या दिवशी मी तिला बोललो, तेव्हा तिने उलट उत्तर दिलं नाही आणि माफीही मागितली नाही.

तिच्या इंग्रजीविषयी तुम्ही विचारलं नव्हतं. ते चांगलं होतं.